पेट्रोलचा दर बाजार ठरवतो की सरकार? डिचोलीच्या एका टॅक्सीचालकाला उत्तर

डिचोलीहून पर्यटक टॅक्सी चालवणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न असा: ‘‘केंद्र म्हणते दर बाजारावर सोडलेत. राज्य म्हणते मोठा कर केंद्राचा. पंपमालक म्हणतो माझ्या हातात काहीच नाही. मग कच्चे तेल उतरले तरी आमचा दर का उतरत नाही? निवडणूक आली की तो बरा जागच्या जागी थांबतो! दोडामार्ग ओलांडला की लिटरमागे सात-आठ रुपयांचा फरक कसा पडतो? आणि या तेल कंपन्यांवर लगाम नेमका कोणाचा?’’

तिघेही खरे बोलतात, पण तिघेही अर्धेच बोलतात. माझी नोकरी सरकारी तेल कंपनीच्या विक्री विभागात, वास्कोचा डेपो आणि गोव्यातले पंप यांच्यामध्ये गेली. निवृत्तीनंतर डीलरांचे हिशेब बघतो. तिथून मला जे दिसले ते असे, की दरांवरचे नियंत्रण उठले ते कागदावरून. हात होता तिथेच आहे. पूर्वी तो हात हिशेबाच्या वहीत दिसायचा, आता दिसत नाही, इतकाच फरक.

आधी थोडे मागचे. १९७४ ते १९७६ या काळात एस्सो, बर्मा शेल आणि कॅल्टेक्स या परदेशी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यांतून आजच्या एचपी (हिंदुस्तान पेट्रोलियम) आणि बीपी (भारत पेट्रोलियम) उभ्या राहिल्या. इंडियन ऑइल आधीपासून सरकारचीच. त्यानंतर दर दिल्लीत ठरायचा. कंपनीला तिचा खर्च आणि ठरावीक परतावा मिळायचा, आणि महागडे-स्वस्त यांतला फरक ‘ऑइल पूल’ नावाच्या खात्यातून भरून निघायचा. एप्रिल २००२ मध्ये ही पद्धत अधिकृतपणे मोडीत काढली. दोनच वर्षांत कच्चे तेल चढू लागले आणि सरकारने पुन्हा दर धरून ठेवले. तोटा भरायला कंपन्यांना तेल रोखे दिले, म्हणजे रोख पैशांऐवजी पुढे फेडायचे सरकारी कर्जरोखे. २००५ ते २०१० च्या दरम्यान एक लाख कोटींच्या वर. जून २०१० मध्ये पेट्रोल मोकळे केले. जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास पैसे वाढवत नेले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळे झाले. १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला नवा दर. त्याआधी तो महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला बदलायचा, आणि त्याच्या आदल्या रात्री पंपांवर उसळणारी गर्दी तुम्ही पाहिली असेल.

कागदावर गोष्ट इथे संपते. पण मोकळ्या दराने गेल्या काही वर्षांत काय केले ते बघा.

३ नोव्हेंबर २०२१ ला, ऐन दिवाळीत, केंद्राने अबकारी कर पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी उतरवला. गोवा सरकारने त्यात आपले आणखी ७ रुपये घातले आणि आपल्याकडे पेट्रोल १२, डिझेल १७ रुपयांनी स्वस्त झाले. त्यानंतर साडेचार महिने दर हललाच नाही. दरम्यान रशिया-युक्रेन युद्ध पेटले आणि कच्चे तेल शंभर डॉलरच्या पार गेले. आपल्याकडे मतदान १४ फेब्रुवारी २०२२ ला झाले, मतमोजणी १० मार्चला. २२ मार्चला दर ८० पैशांनी वाढला आणि मग ६ एप्रिलपर्यंत जवळजवळ रोज चढत एकूण १० रुपयांनी वर गेला. लगेच पुन्हा ठप्प. मे २०२२ च्या करकपातीने काही रुपये उतरले, पण त्यानंतर मूळ दराला थेट १५ मार्च २०२४ पर्यंत कोणी हात लावला नाही. त्या दिवशी तो दोन रुपयांनी खाली आला आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभा निवडणुकीचे वेळापत्रक जाहीर झाले. २०१८ मध्ये शेजारी कर्नाटकात मतदान होते, तेव्हाही १९ दिवस दर गोठला होता. रोज सकाळी सहाला बदलणारा बाजार इतका राजकीय शहाणपणा कसा दाखवतो, हे मला कोणीही समजावून सांगितलेले नाही. अशा बाबतीत मंत्रालयाचे उत्तर ठरलेले असते: दर कंपन्या ठरवतात.

कंपन्या ठरवतात हे तांत्रिकदृष्ट्या खरेच आहे. दर थांबवा असा आदेश तुम्हाला कुठल्याही फाइलीत सापडणार नाही. पण इंडियन ऑइल आणि बीपीमध्ये निम्म्याहून जास्त भाग सरकारचे. एचपी २०१८ पासून ओएनजीसीची, आणि ओएनजीसी सरकारची. देशातल्या दहापैकी नऊ पंप या तिघांचे. अध्यक्षांची नेमणूक सरकार करते. अशा मालकाला पत्र लिहावे लागत नाही. बीपी विकायची असे २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले होते. मे २०२२ मध्ये तो बेत गुंडाळला. खरेदीदारांनी पाठ फिरवायला कारणे बरीच असतील, पण विक्रीचा दर आपल्या हाती राहील का, हा प्रश्न ज्याला पडत नाही तो पैसेवाला तेलधंद्यात येत नाही.

खासगी कंपन्यांनी हे दोनदा भोगले आहे. २००८ मध्ये सरकारी पंप रोख्यांच्या आधारावर तोट्यात विकत होते, रिलायन्सला रोखे नव्हते. त्यांनी आपले चौदाशेहून जास्त पंप बंद केले. २०२२ मध्ये तेच पुन्हा घडू लागले, तेव्हा जूनमध्ये सरकारने सगळ्या पंपांवर सार्वत्रिक सेवेचे बंधन घातले, म्हणजे परवडत नाही म्हणून पंपाला साखळी लावता येणार नाही. दर मोकळा, पण न विकण्याचे स्वातंत्र्य नाही! त्याच वर्षी मार्चमध्ये घाऊक डिझेल पंपापेक्षा लिटरला सुमारे २५ रुपयांनी महाग झाले होते. आपल्या आगारात टाकी असलेल्या एसटी महामंडळांच्या बसगाड्या तेव्हा पंपावर रांगेत दिसू लागल्या आणि कंपन्यांचा तोटा अजून फुगला.

आता तुमचा मुख्य प्रश्न: कच्चे तेल उतरले की दर का उतरत नाही? कारण चढताना जो तोटा दाबून ठेवला, तो उतरताना वसूल होतो. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहा महिन्यांत तिन्ही कंपन्यांना मिळून २१,२०१ कोटींचा तोटा झाला. पुढच्या आर्थिक वर्षात, २०२३-२४ मध्ये, त्याच तिघांचा नफा ८१,००० कोटींच्या आसपास. पहिला आकडा दाखवून कोणी म्हणेल बिचाऱ्या कंपन्या, दुसरा दाखवून कोणी म्हणेल लुटारू कंपन्या. दोन्ही आकडे एकाच धोरणाचे आहेत. तुम्ही २०२२ मध्ये स्वस्त भरलेल्या पेट्रोलचे पैसे २०२३ मध्ये दिलेत. फक्त किती दिले, किती उरले, हे कोणी मांडून दाखवले नाही. म्हणूनच मला ऑइल पूल आणि तेल रोख्यांचा काळ वाईट असूनही एका बाबतीत बरा वाटतो. रोखे निदान मोजता तरी यायचे. आज त्यांच्या नावाने राजकारण होते ते त्यामुळेच.

कराचेही तसेच. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात तेल कोसळत असताना केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढवला. मार्च-मे २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ते ओस पडले असताना, पेट्रोलवर १३ आणि डिझेलवर १६ रुपये चढवले. ८ एप्रिल २०२५ पासून आणखी दोन-दोन रुपये लागले आणि पंपावर एक पैसाही हलला नाही, कारण त्या दिवसांत तेल खाली घसरत होते. तुमच्यापर्यंत येणारी उतरण वाटेतच उचलली गेली.

एका लिटरची फोड करतो. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर, पणजीत पेट्रोल साडेशहाण्णव रुपयांच्या आसपास धरून. त्यात तेल, शुद्धीकरण, वाहतूक आणि कंपनीचा नफा-तोटा मिळून साधारण ५३ रुपये. केंद्राचा अबकारी कर २१ रुपये ९० पैसे. डीलरचे कमिशन साडेचार रुपयांच्या आत. उरलेले सतरा रुपये राज्याचे: साडेएकवीस टक्के व्हॅट आणि अर्धा टक्का हरित उपकर. यातली एक गोम लक्षात ठेवा. केंद्राचा कर लिटरमागे ठरावीक रुपयांत आहे, राज्याचा टक्क्यांत. आणि राज्याचा टक्का केंद्राचा कर आणि डीलरचे कमिशन धरून झालेल्या रकमेवर लागतो, म्हणजे करावर कर. दर चढला की पर्वरीच्या सचिवालयात काहीही न करता राज्याचा महसूल वाढतो.

मग राज्य सरकार लबाड का? इतके सोपे नाही. केंद्राच्या त्या २१ रुपये ९० पैशांपैकी राज्यांशी वाटून घ्यायचा भाग फक्त १ रुपया ४० पैसे. बाकीचा सगळा विशेष कर आणि उपकर या नावांखाली बसवलेला आहे आणि तो पूर्ण केंद्राकडे जातो. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्यांच्या हाती स्वतः ठरवता येतील असे मोठे कर मोजकेच उरले, मुख्यतः दारू आणि इंधनावरचे. गोव्यासारख्या लहान राज्याला, त्यात खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडलेल्या, यांतले काहीच सोडवत नाही.

या बाबतीत गोव्याने एक प्रयोग केलेला आहे आणि त्याची आठवण आपल्याकडे अजून काढली जाते. मार्च २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि निवडणुकीतल्या वचनाप्रमाणे पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला. लिटरमागे ११ रुपयांच्या आसपास दर उतरला. दर पूर्णपणे केंद्राच्या हातात असतो, हे रडगाणे त्या दिवशी खोटे ठरले. राज्याची इच्छा असेल तर ते काय करू शकते, ते लोकांनी नोझलवर पाहिले. पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाडे मारणारे, खूश; दुचाकीवाले खूश. सिंधुदुर्ग आणि कारवारच्या गाड्या टाकी भरायला हद्दीत येऊ लागल्या, म्हणजे खप वाढला. पण शून्याचा टक्का कितीही खपावर लावला तरी शून्यच. त्याच वर्षी सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि तिजोरीचा दुसरा पायही लटपटला. पुढे व्हॅट टप्प्याटप्प्याने वर आला. मोठी घोषणा करून उतरवलेला कर हळूहळू, गाजावाजा न करता परत चढतो, हे मी तेव्हा जवळून पाहिले. जून २०२४ मध्येही तसेच झाले: लोकसभेचे मतदान आटोपल्यावर पेट्रोलवरचा व्हॅट २० वरून साडेएकवीस आणि डिझेलवरचा १७ वरून साडेसतरा टक्के. पेट्रोल सुमारे एका रुपयाने महागले, डिझेल ३६ पैशांनी.

दोडामार्गच्या फरकाचे उत्तर यातच आहे. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के आणि त्यावर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे वेगळे. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये आपला कर जवळपास ३० टक्क्यांवर नेला. वास्कोहून बांद्याला आणि वास्कोहून पेडण्याला टँकर नेण्याच्या खर्चात रुपयांचा फरक नसतो. पणजी आणि काणकोण यांच्या दरांत जे काही पैसे कमी-जास्त दिसतात ते तेवढे वाहतुकीचे. बाकी सगळी हद्द कराची आहे. म्हणूनच आपले सरकार कर वाढवतानाही शेजाऱ्यांच्या दराकडे बघूनच वाढवते. पत्रादेवी, दोडामार्ग, पोळे इथल्या पंपांचा धंदा या फरकावर चालतो, आणि तो खप गेला तर महसूलही जातो. कॅन घेऊन आलात तर मात्र पंपवाला नाही म्हणेल आणि ते बरोबरच आहे; सुटे पेट्रोल विकणे त्याच्या परवान्यावर बेतू शकते.

आता पंपमालकाकडे येतो, कारण शिव्या सर्वांत जास्त तोच खातो. तुम्हाला सरकारी नियंत्रण खरोखर पाहायचे असेल तर ते कंपनीच्या मुख्यालयात शोधू नका, पंपावर बघा. अत्यावश्यक वस्तू कायद्याखालचा २००५ चा आदेश, नागपूरच्या पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणारी केंद्रीय संस्था) परवाना, जिल्हाधिकाऱ्यांचा ना-हरकत दाखला, वजनमापे खात्याचे सील, नागरी पुरवठ्याची तपासणी, कंपनीची शिस्तीची नियमावली. पाच लिटरच्या मापात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तूट आली तर नोझल बंद. घनता नोंदीपेक्षा तीन अंकांहून जास्त हलली तर नमुना प्रयोगशाळेत. आमच्याकडे पावसाळ्यात आणखी एक धास्ती असते. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पाणी ओढते. जमिनीखालच्या टाकीत थोडे पाणी झिरपले तरी इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला बसते. पूर्वी डिप रॉडला (टाकीतली पातळी मोजायच्या दांड्याला) पाणी दाखवणारी पेस्ट लावून दिवसातून एकदा बघितले तरी चालायचे. आता मुसळधार पावसात रात्रीही बघावे लागते. हे सगळे नियंत्रण योग्यच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. तुम्हीही संशय आला तर पाच लिटरचे माप मागा, फिल्टर पेपरवर थेंब टाकून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे आणि पंपाने तो नाकारायचा नसतो.

पण दराच्या बाबतीत हा माणूस निव्वळ फळ्यावर आकडा लावणारा आहे. माल घेताना पैसे आगाऊ भरतो, कर डेपोच्या चलनावरच लागून येतो. रात्रीतून कर उतरला की टाकीतला साठा जुन्या, चढ्या करातला असतो आणि तो नव्या दराने विकावा लागतो. नोव्हेंबर २०२१ च्या दिवाळीत लांब सुट्टी बघून ज्यांनी टाक्या तोंडापर्यंत भरल्या होत्या, त्यांच्या एका रात्रीत काही लाखांवर पाणी पडले आणि त्याची भरपाई कोणी केली नाही. कमिशन २०१७ नंतर थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढले, पेट्रोलला सरासरी ६५ पैसे आणि डिझेलला ४४. तोपर्यंत वीज, पगार, कार्डाचे शुल्क सगळे वाढलेले. कर चढला की फायदाही त्यालाच मिळतो ना, असे तुम्ही म्हणाल. मिळतो. पण उतरण जाहीर होते सणाच्या तोंडावर, टाक्या भरलेल्या असताना; हा योगायोग डीलरांना चांगला ठाऊक आहे.

नियामक मंडळ आहे की, असे काही जण म्हणतात. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ २००६ च्या कायद्याने आले. पाइपलाइनचे भाडे, शहरातल्या वायूचे जाळे, हे त्याचे मुख्य काम. पंपावरचा रोजचा दर ते ठरवत नाही. म्हणजे वीजदरासाठी जशी आयोगापुढे सुनावणी होते, आक्षेप घेता येतात, तशी जागा पेट्रोलला नाहीच. आणि गंमत म्हणजे त्याच पेट्रोलमध्ये मिसळणाऱ्या, उसापासूनच्या इथेनॉलचा दर सरकार रीतसर जाहीर करते, पैशांपर्यंत. म्हणजे लिटरचा काही भाग उघडपणे सरकारी दराचा आणि उरलेला ‘बाजाराचा’.

जीएसटीत आणा, ही मागणीही तुमच्या संघटनेत होत असेल. घटनेत त्याची सोय आहे; परिषदेने तारीख सुचवली की झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि वेळ आलेली नाही म्हणून बाजूला ठेवला गेला. वरच्या फोडीत ५७-५८ रुपयांच्या मालावर ३९ रुपये कर आहे. तो जीएसटीच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर आणायलाही केंद्र तयार नाही आणि राज्यही नाही. या एका मुद्द्यावर सगळ्या पक्षांचे एकमत आहे, म्हणून मी तरी त्यावर फार वेळ घालवत नाही.

माझी मागणी याहून साधी आहे. दर खरोखर मोकळा ठेवायचा असेल तर सूत्र जाहीर करा आणि ते निवडणुकीतही चालू ठेवा. धरून ठेवायचा असेल तर तेही करा. गरीब देशाने इंधनाचे झटके जनतेवर जसेच्या तसे सोडू नयेत, असे माझे मत आहे. पण मग त्याचे उघड खाते ठेवा: चढताना किती तोटा सोसला, उतरताना किती वसूल झाला, शिल्लक किती. केंद्राची पीपीएसी नावाची यंत्रणा दिल्लीच्या दराची फोड प्रसिद्ध करतेच. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने घालायला कायदाही बदलावा लागणार नाही.

तुमच्यापुरते सांगायचे तर तुमची खरी अडचण तिसरीच आहे. टॅक्सीचे भाडे परिवहन खात्याच्या अधिसूचनेने ठरते आणि ते वर्षानुवर्षे तसेच राहते. इंधन मात्र दहा रुपयांनी पंधरा दिवसांत चढू शकते. मच्छीमारांनी ट्रॉलरच्या डिझेलवरच्या व्हॅटची सवलत संघटनेच्या जोरावर मिळवली. तुम्ही व्हॅटची सूट मागायला जाल तर खासगी गाड्यांशी फरक कसा करायचा, यावरच फाइल अडेल. त्यापेक्षा भाड्याच्या अधिसूचनेतच इंधनाचे कलम घालून घ्या: अधिसूचना निघाली त्या दिवसाच्या दरापेक्षा इंधन अमुक टक्के वर किंवा खाली गेले की किलोमीटरमागे भाडे अमुक पैशांनी आपोआप बदलेल. खाली गेल्यावर कमी करायची तयारी आधी दाखवा, म्हणजे खात्याला नाही म्हणायला कारण उरणार नाही. मसुदा करताना आकडेमोडीला मी बसेन.